मदत हवी आहे: हाय-इंटेन्सिटी ग्रुप क्लास घेणाऱ्या जिमचा दर्जा कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी,

क्रॉसफिट आणि एफ४५ (गटाने जोरकस व्यायाम करवून घेणारे जिमचे दोन ब्रँड) यांच्या धर्तीवर चालणाऱ्या एका जिममध्ये मी काही महिन्यांपासून जात आहे. पंधरा-वीस जणांची तुकडी, मोठ्या आवाजातले संगीत, भिंतीवर उलटे धावणारे घड्याळ आणि सगळ्यांना एकच वर्कआउट असा तिथला रिवाज आहे. आता वार्षिक सभासदत्व घेण्याबद्दल विचारणा होत आहे आणि त्याआधी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझे वय पंचेचाळीसच्या पुढे आहे, काम बैठे आहे, मोठे आजारपण कोणतेही नाही. मात्र बारबेल (दोन्ही टोकांना वजने लावलेला लांब बार) हातात घेण्याची ही पहिलीच वेळ.

फायदा झाला आहे, हे आधीच सांगते, म्हणजे "मग सोडून द्या" एवढेच उत्तर येणार नाही. जिने चढताना दम लागत नाही, झोप चांगली लागते, आणि दोन दिवस गेले नाही तर कोणीतरी आवर्जून चौकशी करते. एकटीने व्यायाम करताना जो कंटाळा येतो, तो इथे येत नाही. या जिमना लोक चिकटून राहतात ते बहुधा याचसाठी, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. परवाच्या वर्कआउटमध्ये डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलत सरळ उभे राहणे) आणि बॉक्स जंप (खोक्यावर उडी मारणे) यांच्या फेऱ्या होत्या आणि ठरलेल्या वेळात जितक्या जास्त होतील तितक्या करायच्या होत्या. माझ्या शेजारच्या बाईंची पाठ पहिल्या दोन फेऱ्यांत सरळ होती. नंतर बार उचलताना ती कमानीसारखी वाकू लागली, बार नडग्यांपासून दूर जाऊ लागला आणि प्रत्येक रेप (म्हणजे एकेक उचल) कंबरेच्या झटक्याने होऊ लागली. कोच खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथूनच "थांबू नका, अजून तीन!" अशी आरोळी आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा आकडा फळ्यावर लिहिला गेला. पाठीविषयी कोणी अवाक्षरही काढले नाही.

मी थोडे वाचन केले आहे. ज्यांच्या नावाने २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती हा प्रकार ओळखला जातो, त्या जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा १९९६ चा प्रयोग शारीरिक शिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांवर आणि एका जागी स्थिर असलेल्या सायकलवर झाला होता. सायकलवर माणूस पूर्ण थकला तर पाय चालेनासे होतात, एवढेच. डोक्यावर वजन धरलेला माणूस थकला तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. तरीही क्लासमध्ये तेच नाव घेऊन केटलबेल स्विंग (मूठ असलेले वजन झुलवणे) करवून घेतले जातात. क्रॉसफिटचे 'आयझॅबेल' हे गाजलेले वर्कआउट म्हणजे सुमारे ६१ किलोचा (पुरुषांसाठी) बार घड्याळ लावून ३० वेळा स्नॅच करणे, म्हणजे जमिनीवरून एका दमात डोक्यावर उचलणे. वेटलिफ्टिंगचे खेळाडू हीच उचल सहसा एक-दोन रेपांच्या सेटमध्ये, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन करतात.

दुसरीकडे, या प्रकाराला सरसकट धोकादायक ठरवणेही मला पटत नाही. क्रॉसफिट पद्धतीच्या व्यायामाने तंदुरुस्ती किती वाढते हे पाहणारा २०१३ चा एक शोधनिबंध त्यातल्या दुखापतींच्या उल्लेखामुळे बराच गाजला होता. पुढे त्यातली दुखापतींची माहिती खोटी असल्याचे निष्पन्न झाले आणि नंतर निबंधही मागे घेतला गेला. त्यामुळे माझा प्रश्न प्रकाराविषयी नाही, शिकवणाऱ्यांविषयी आहे. क्रॉसफिटचे पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र दोन दिवसांच्या अभ्यासक्रमानंतर परीक्षा देऊन मिळते, आणि तिथे रोजचे वर्कआउट प्रत्येक जिम स्वतः ठरवू शकते. एफ४५ मध्ये ते केंद्राकडून येते आणि पडद्यावर दिसते. म्हणजे एकाच पाटीखाली उत्तम शिक्षकही असू शकतो आणि केवळ घड्याळ लावणाराही. हा फरक सामान्य सभासदाने कशावरून ओळखावा? नवीन माणसाला क्लासमध्ये सोडण्याआधी मूळ हालचाली वेगळ्या शिकवणे ही किमान अपेक्षा आहे, की मी फार मागते आहे? आमच्याकडे पहिल्याच दिवशी थेट क्लास सुरू झाला. शिवाय एका कोचने एका वेळी किती जणांकडे पाहणे शक्य असते?

बारवरचे वजन कमी करून घेण्याविषयीही (याला 'स्केल करणे' म्हणतात) विचारायचे आहे. "स्केल करा, काही हरकत नाही" असे कोच तोंडाने म्हणतात, पण ठरवून दिलेले वजन जसेच्या तसे उचलणाऱ्यांच्या नावापुढे फळ्यावर 'आरएक्स' अशी खूण होते आणि कौतुक तिचेच होते. परिणामी जवळपास कोणीच वजन कमी करत नाही. अतिश्रमाने स्नायूपेशी फुटून लघवी गडद होणे, म्हणजे ऱ्हॅब्डोमायोलिसिस, ही मूत्रपिंड निकामी करू शकणारी गोष्ट. तिच्यावरही आमच्या गटात विनोद होतात. (क्रॉसफिटमध्ये तर एके काळी या आजाराच्या नावाचा विदूषक व्यंगचित्रांत होता.) हे सगळीकडेच असे असते, की चांगल्या जिममध्ये चित्र वेगळे असते?

शेवटचा मुद्दा दिवसांचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम किंवा त्याच्या दुप्पट मध्यम व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. आम्हाला मात्र आठवड्यातून पाच-सहा दिवस येण्याचा आग्रह होतो. तीन दिवस क्लास, एक दिवस घड्याळाशिवाय शांतपणे वजनांचा सराव आणि बाकी चालणे, अशी विभागणी माझ्या वयाला पुरेशी ठरेल का?

ज्यांनी अशा जिममध्ये वर्ष-दोन वर्षे काढली आहेत, जे स्वतः कोच आहेत किंवा फिजिओथेरपिस्ट म्हणून तिथल्या लोकांवर उपचार करतात, त्यांनी कृपया लिहावे. घड्याळ चालू असताना "मी हा बार आज हलका ठेवणार आहे आणि फळ्यावर माझा आकडा लिहू नका" असे कोचला सांगितल्यावर तुमच्याकडे काय प्रतिक्रिया आली, हे कळले तर सभासदत्वाचा निर्णय घेणे मला बरेच सोपे जाईल.