मिनिएचर हा शब्द मिनिममवरूनच आलाय ना?

लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या 'लहान' अर्थाच्या शब्दांची यादी करत होतो. मायनर, मायनस, मिनिमम, मिनिट, मिनस्क्यूल, मिनिएचर असं लिहिलं तर मित्र म्हणाला शेवटचा खोड, त्याचा लहानपणाशी काही संबंध नाही. आता मिनिएचर म्हणजे छोटं हे शेंबडं पोरही सांगेल, मग खोडायचं कशाला? कोणाला नक्की माहितीये का?

शाईचा डाग:
मित्राचं बरोबर आहे, खोडा. लॅटिनमध्ये मिनियम म्हणजे शेंदूर, शिशापासून करतात तो केशरी-लाल रंग. (रोमन लेखक प्लिनीच्या काळी हिंगुळाला, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजालाच मिनियम म्हणायचे, नंतर ते नाव शेंदराला चिकटलं.) छपाई यायच्या आधी युरोपात पोथ्या हाताने लिहायचे तेव्हा मजकूर काळ्या शाईत आणि मथळे, परिच्छेदाचं पहिलं मोठं अक्षर वगैरे लाल रंगात काढायचे, त्या कामाला क्रियापद मिनियारे, म्हणजे सरळ आपलं 'शेंदूर लावणे'. त्यावरून इटालियनमध्ये मिनियातुरा म्हणजे पोथीतली रंगीत सजावट आणि चित्रं. मग त्यात निळा असो, सोनेरी असो, नाव शेंदराचंच राहिलं. आता पोथीच्या पानावर चित्र काढायचं म्हणजे मजकुरातून उरलेल्या जागेत, कधीकधी तर एका अक्षराच्या पोटात, ते मोठं असणार कसं? म्हणून १६ व्या शतकाच्या शेवटी शब्द इंग्रजीत आला आणि हळूहळू रंग गेला, आकार राहिला.

प्रश्नकर्ता:
बापरे, शेंदूर डोक्यातही आला नव्हता! पण मग मायनर, मिनिममशी दिसायला इतकं साम्य हा नुसता योगायोग?

शाईचा डाग:
उगम वेगळा, पण अर्थ 'छोटं'कडे सरकायला त्या शेजाऱ्यांनी हातभार लावला असणारच. लोकांच्या कानाला 'मिन्' म्हणजे लहान अशी सवय झालेलीच होती.

अर्धविराम:
यात अजून एक गंमत. मिनी हे मिनिएचरचंच तोडलेलं रूप, म्हणजे मिनीस्कर्टसुद्धा मुळात शेंदरी (लांबी कितीही असो 😄). आणि यादीतला मिनस्क्यूल मात्र खरा मायनसच्या घरातला, लॅटिन मिनुस्कुलुस म्हणजे 'जरा लहानसा', म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये एमआयएनयू येतं. लोक सर्रास एमआयएनआय लिहितात कारण डोक्यात मिनी बसलेलं असतं. म्हणजे शेंदराचा आय जाऊन खऱ्या लहानाच्या अंगाला लागला! मी स्वतः कित्येक वर्षं चुकीचंच लिहीत होते, स्पेलचेकने लाल रेघ मारली तेव्हा कळलं.

शाईचा डाग:
लाल रेघ, बरोब्बर 😂 जाता जाता, १९५९ मध्ये मॉरिस मिनी-मायनर नावाची गाडी आली होती, त्यात दोन्ही घराणी शेजारी बसलीयत.

प्रश्नकर्ता:
खोडला. लाल पेनाने.