बायबल सॉफ्टवेअरमधलं डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस: अभ्यासगटात वापरावं की नको?

शरणपूरकर

सर्वांना सलाम. शरणपूर रोडला आमचा गुरुवारचा बायबल अभ्यास असतो. सध्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र चाललं आहे. गटातल्या एका भावाने लोगोस सॉफ्टवेअर घेतलंय आणि त्यातल्या डिस्कोर्सच्या खुणा तो पडद्यावर लावतो. त्यावरून गेल्या वेळी चांगलीच वादावादी झाली. काही जण म्हणतात, हे बंद करा. माझं मत उलट आहे, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोश शब्दाचा अर्थ सांगतो, व्याकरण वाक्य सोडवून देतं. या खुणा त्यापुढचं दाखवतात: कोणतं वाक्य मुख्य धाग्यावर आहे, कोणतं त्याला आधार म्हणून आलंय, लेखक 'आता नीट ऐका' असं सुचवत कुठे थांबतो, एक गोष्ट नाकारून दुसरी कुठे ठसवतो. स्टीव्हन रंज यांनी सगळ्या ग्रीक नव्या करारावर अशा खुणा केल्या आणि २००८ मध्ये त्या लोगोसमध्ये आल्या. त्यामागे स्टीफन लेव्हिन्सन यांचा मोठा अभ्यास आहे. लेव्हिन्सन एसआयएल या संस्थेचे, म्हणजे मुळात भाषांतरकारांच्या अडचणी सोडवणारे.

आता रोम १:१५ ते १८ बघा. रोममध्येही सुवार्ता सांगायला मी उत्सुक आहे, असं पौल म्हणतो. त्यानंतर ग्रीकमध्ये 'गार' हा 'कारण' सांगणारा शब्द एकापाठोपाठ चारदा येतो. कारण मला तिची लाज वाटत नाही. कारण ती देवाचं सामर्थ्य आहे. कारण तिच्यात देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं. आणि चौथ्यांदा: कारण देवाचा क्रोध प्रकट होत आहे. बहुतेक छापील आवृत्त्यांत १७ आणि १८ च्या मध्ये ठळक मथळा येतो, त्यामुळे क्रोधाचा भाग नवाच विषय वाटतो. पडद्यावर त्या चार ओळी एकीखाली एक आत सरकलेल्या दिसल्या तेव्हा ग्रीकचं अक्षरही न येणाऱ्या आमच्या एका आजींनी विचारलं, "म्हणजे क्रोधसुद्धा सुवार्तेच्याच कारणांत येतो का?" हा प्रश्न त्या मथळ्याने कुणाला पडूच दिला नसता. एवढ्यासाठी तरी या खुणा गटासमोर असाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

निवृत्त पाळक, देवळाली

आजींचा प्रश्न उत्तम आहे. माझा विरोध तरीही कायम आहे आणि तो तुमच्याच उदाहरणावर सांगतो.

रोम १:१६-१७ हे सगळ्या पत्राचं सूत्र आहे असं बहुतेक भाष्यकार मानतात. १७ व्या वचनाने मार्टिन लूथरचं आयुष्य पालटलं, हे त्याने स्वतः १५४५ साली लिहून ठेवलंय. तुमच्या पडद्यावर ही दोन्ही वचनं १५ व्या वचनाखाली 'आधार' म्हणून आत सरकतात. पंधरावं वचन काय सांगतं? पौलाला रोमला यायची उत्सुकता आहे, एवढंच. बघणाऱ्याच्या डोळ्याला आत सरकलेलं ते कमी महत्त्वाचं वाटतं. जोडणीत आधाराला असणं आणि अर्थाने दुय्यम असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा हा फरक सांगत नाही, आणि नवखा उपदेशक तसाच व्यासपीठावर जातो.

दुसरं, त्या खुणा म्हणजे वचन नव्हे, एका विद्वानाचे निर्णय आहेत. चांगलं भाष्य वाचताना 'काहींचे मत असे, काहींचे तसे' अशी ओळ भेटते. रंगीत बाणाखाली 'बहुधा' असं लिहिलेलं नसतं.

तिसरं. फिलिप्पै ४:१३ ('मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे') कॅलेंडरवर, गाडीच्या काचेवर सगळीकडे दिसतं आणि परीक्षेपासून धंद्यापर्यंत कशालाही लावतात. ते थांबवायला सॉफ्टवेअर कशाला हवं? ४:१० पासून मोठ्याने वाचा. बंदिवासातला माणूस भुकेलं राहण्याचं आणि तृप्त असण्याचं रहस्य शिकलो म्हणतोय. ज्याला मराठी ऐकू येतं त्याला ते कळतं. आपली मंडळी ऐकून घडलेली आहे. नारायण वामन टिळकांचे ख्रिस्ती अभंग कुणी तक्ते काढून शिकवले नाहीत.

शरणपूरकर

पाळकसाहेब, निर्णय माणसाचे आहेत हे मान्य. पण मग वचनांचे आकडे कुणाचे? अध्याय पाडले स्टीफन लँग्टन यांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे दिले रॉबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये. मथळे तर प्रकाशकांचे. या सगळ्या खुणा आपण रोज वाचतो आणि त्यांच्याबद्दल तक्रार करत नाही.

निवृत्त पाळक, देवळाली

आकडा पत्ता सांगतो. अर्थ सांगायचा दावा तो करत नाही.

ग्रीकची विद्यार्थिनी

काका, आकड्यांचं ठीक आहे, पण अर्थ सांगणाऱ्या खुणाही आपल्याकडे शतकानुशतकं आहेत. इब्री शास्त्रातल्या मासोरेती, म्हणजे जुन्या यहुदी पंडितांनी घातलेल्या स्वरखुणा कुठे थांबायचं, काय कशाला जोडायचं ते सांगतात. यशया ४०:३ मध्ये त्या खुणांप्रमाणे 'अरण्यात' हा शब्द 'मार्ग तयार करा' याला जोडला जातो. शुभवर्तमानं मात्र सप्तती या ग्रीक भाषांतराच्या वाटेने जातात, तिथे हाक मारणारी वाणीच अरण्यात आहे. खूण म्हणजे अर्थ लावणंच, आणि मंडळी तिच्यासोबत राहत आली आहे.

तरी काकांची दुसरी हरकत मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण विद्वानांत खरोखरच फाटाफूट आहे. मार्क ४:३५-४१ घ्या, वादळ शांत करण्याचा प्रसंग. ग्रीकमध्ये येशू त्यांना 'म्हणतो', ते त्याला नावेतून 'नेतात', वादळ 'होतं', ते त्याला 'उठवतात' आणि 'म्हणतात': सगळी वर्तमानकाळी रूपं. ३९ व्या वचनात तो वाऱ्याला धमकावतो, वारा पडतो, निवांत होतं, तिथे मात्र अओरिस्ट, म्हणजे साधा भूतकाळ. मार्कमध्ये अशी वर्तमानकाळी रूपं दीडशेच्या आसपास आहेत, आणि आपल्या प्रचलित भाषांतरात या प्रसंगात सरसकट भूतकाळ आहे.

जुने व्याकरणकार म्हणत, वर्णन जिवंत करायला. रंज म्हणतात, हे रूप पुढे येणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतं. म्हणजे इथे सगळी चढण ३९ व्या वचनाकडे जाते. स्टॅन्ली पोर्टर यांच्या मांडणीत वर्तमान रूप स्वतःच पुढे आणतं आणि अओरिस्ट पार्श्वभूमीला जातो. रॉबर्ट लाँगेकर यांच्या मांडणीत कथेचा कणा अओरिस्टवरच उभा असतो. मग 'त्याने वाऱ्याला धमकावलं' हे पार्श्वभूमीचं वाक्य की कण्याचं? सॉफ्टवेअरमध्ये जी मांडणी घातली असेल तेच उत्तर मिळतं, आणि दुसरंही उत्तर आहे हे वापरणाऱ्याला कळतच नाही. मला हे धोक्याचं वाटतं. तरी वापर सोडू नये. वर्तमान रूपं तिथे आहेत, एवढं दिसणंसुद्धा मराठी वाचकासाठी मोठं आहे.

त्रिंबक नाका

विद्वानांचं राहू द्या, गटाचं बोला. सॉफ्टवेअर महाग, खुणांची नावं इंग्रजीत. गटातल्या निम्म्या बायकामाणसांना ती वाचता येत नाहीत. ज्याच्या हातात लॅपटॉप त्याचाच शब्द शेवटचा, असं व्हायला लागलंय. आधी आम्ही सगळे बोलायचो. आता सगळे पडद्याकडे बघतात. माझा विरोध एवढ्यासाठीच, आणि तो मी मागे घेणार नाही.

पंचवटीतला संस्कृत शिक्षक

मी ख्रिस्ती नाही, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवायचं याची सहा चिन्हं आपल्याकडे मीमांसेच्या आणि वेदान्ताच्या परंपरेत सांगितली आहेत: उपक्रम म्हणजे आरंभ आणि उपसंहार म्हणजे शेवट यांचा मेळ, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती म्हणजे युक्तीचा आधार. नाशिकच्या जुन्या पाठशाळांत शिकलेल्या माणसाला हे परकं नाही. तुमच्या चर्चेतल्या 'आधारवाक्यां'ना आम्ही उपपत्तीत बसवू, आणि उपपत्ती गौण नसते. तात्पर्य तिच्यावरच तोलून धरलेलं असतं. पाळकसाहेबांची पहिली भीती मला त्यामुळे थोडी अनाठायी वाटते.

मात्र एक उणीव दिसते. मी रोमकरांस पत्र मराठीत वाचलं आहे. १:५ मध्ये विश्वासाने येणाऱ्या आज्ञापालनाचा उल्लेख आहे आणि १६:२६ मध्ये तोच परत येतो. उपक्रम आणि उपसंहार इतके स्वच्छ जुळलेले असताना वाक्यावाक्याला बाण लावणाऱ्या पडद्यावर सोळा अध्यायांची ही कमान दिसणार कशी?

ग्रीकची विद्यार्थिनी

सर, तुमचं निरीक्षण अचूक आहे, आणि या खुणा मुख्यतः जवळच्या वाक्यांपुरत्या आहेत हेही खरं. फक्त एक सावधगिरी: १६:२५-२७ हा स्तुतीचा भाग सगळ्या हस्तलिखितांत एकाच जागी नाही. काहींत तो चौदाव्या अध्यायाच्या शेवटी आहे आणि पपायरस ४६ या फार जुन्या हस्तलिखितात पंधराव्याच्या शेवटी. तो मुळात पौलाचा आहे का, यावरही वाद आहे. म्हणजे तुमचा उपसंहार आधी हस्तलिखितांच्या प्रश्नातून सोडवून घ्यावा लागेल.

बोलीभाषेत भाषांतर करणारा

मी पेठ-सुरगाण्याकडच्या बोलीत काम करणाऱ्या गटासोबत असतो. आम्ही पॅराटेक्स्ट हे बायबल भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरतो, आणि लेव्हिन्सन यांच्या नोंदी आमच्यासारख्यांसाठीच आहेत. ग्रीकमधला एखादा 'आणि' गोष्ट पुढे नेतोय की नुसता जोडतोय, हे न कळता भाषांतर केलं तर गावात ऐकणारा मध्येच विचारतो, "मग ते कोण बोललं?" तेव्हा या साधनांशिवाय मला काम करता येणार नाही.

पण मी ती गावात कधीही उघडत नाही. तयारी घरी करायची, गावात गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्याकडून ती परत सांगून घ्यायची. तो कुठे जोर देतो, काय गाळतो, त्यावरून आमची बांधणी बरोबर बसली की नाही ते कळतं. त्रिंबक नाका यांचं म्हणणं मला म्हणूनच पटतं. साधन तयारी करणाऱ्याचं आहे, मंडळीसमोर लावायचं नाही.

शरणपूरकर

इथे मी सहमत नाही, दादा. तयारी करणाऱ्यापुरतंच ठेवलं तर मंडळीला फक्त निष्कर्ष मिळतो, आणि तो निष्कर्ष तपासायची वाट पाळकांच्या किंवा पुढाऱ्यांच्या घरातच राहते. आजींना तो प्रश्न पडला कारण त्यांनी पायऱ्या स्वतः पाहिल्या.

लॅपटॉपवाल्याचाच शब्द शेवटचा होतो, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मला टोचली. तेव्हा येत्या गुरुवारसाठी असं सुचवतो. १:१८-३२ मथळे आणि आकडे काढून साध्या कागदावर मराठीत छापून आणतो. आधी कुणीतरी मोठ्याने वाचेल. मग प्रत्येकाने पेन्सिलीने स्वतःच्या खुणा करायच्या: मुख्य कुठलं, आधार कुठला, जोर कुठे. खुणांची नावं मराठीतच. पडदा त्यानंतर लावू आणि जिथे रंज यांची खूण आपल्याशी जुळत नाही तिथेच थांबून बोलू. विद्यार्थिनी ताई, तुम्ही नाशिकला असाल तर पोर्टर आणि लाँगेकर यांची बाजू तुम्ही मांडा.

त्रिंबक नाका

पेन्सिल चालेल. पडदा शेवटची पंधरा मिनिटंच.

निवृत्त पाळक, देवळाली

मीही येतो. पण ३२ व्या वचनाशी थांबू नका, तिथे अध्याय संपतो, पौलाचं बोलणं संपत नाही. २:१ 'म्हणून' ने सुरू होतं, ग्रीकमध्ये 'दिओ'. पहिल्या अध्यायात दोष आहे मूर्तिपूजा आणि अनीती करणाऱ्यांचा, आणि 'म्हणून' सबब उरत नाही ती मात्र त्यांना दोष लावणाऱ्याला. १:२० मध्येही सबब न उरल्याचं म्हटलंय, तिथे ती 'त्यांना' होती. हे 'म्हणून' नेमकं कशाला जोडायचं? भाष्यकार इथे अडखळतात. तुमची खूण 'निष्कर्ष' एवढंच म्हणेल. कशाचा निष्कर्ष, ते प्रत्येकाने पेन्सिलीने लिहून आणा.