भाड्याचं ॲप की कळंबोलीचा दलाल?

आडगावनाका:
परवा वडिलांशी जोरात वाजलं, म्हणून इथे विचारतोय. घरचे दोन मालाचे ट्रक, एक दहा टायर, एक चौदा टायर. मी म्हणतो, आता सगळी भाडी ॲपवरून उचलायची. वडील नवी मुंबईतल्या कळंबोलीचा, गाडीला भाडं मिळवून देणारा दलाल सोडायला तयार नाहीत.

नाशिकहून आणलेला माल खाली केला की परतीच्या भाड्यासाठी गाडी दोन-दोन दिवस कळंबोलीत पडून. ड्रायव्हर गाडीखाली स्टोव्ह पेटवून भात शिजवतोय, नाहीतर दलालाच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसलाय. पार्टीनं (माल पाठवणाऱ्यानं) भाडं किती दिलं, हे आपल्याला कधी कळतच नाही. दलाल सांगेल तो आकडा. ॲपवर निदान टन, ठिकाण, भाडं समोर दिसतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हाही वडिलांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आज तेच जेवता जेवता मोबाईल बघून सांगतात, "घोटीच्या टोलचे कटले, पडघ्याचे अजून नाहीत, म्हणजे कसारा उतरून चहाला थांबलाय." ॲपचंही असंच होणार. दलालाचे दिवस भरले, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौदाटायर:
अजिबात सहमत नाही. मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता धुळ्याच्या अलीकडे माझ्या गाडीचा क्राऊन (मागच्या चाकांना फिरवणारा गिअर) गेला. माल ॲपवरून भरलेला. हेल्पलाईनवर फोन केला, तर तक्रार क्रमांक मिळाला. शेवटी जुन्या दलालाला उठवलं. माल त्याचा नव्हता, तरी मेकॅनिकच्या खात्यावर पंधरा हजार टाकले. कमिशन खातो, मान्य. पण ते नुसतं भाडं शोधून देण्याचं कमिशन नाही.

दुसरं. बाकड्यावर दहा जण बसलेले असतात तेव्हा एकमेकांची तोंडं दिसतात. एका आकड्याखाली जायला लाज वाटते. ॲपवर प्रत्येक जण आपापल्या केबिनमध्ये एकटा. समोरच्यानं पाचशे कमी केले की आपण हजार करतो. भाडं पाडलं कोणी? आपणच. तुमच्या वडिलांना हे तोंडानं सांगता आलं नसेल, पण कळतं त्यांना.

आडगावनाका:
बाकड्याचा मुद्दा खरा आहे, हे मी धरलंच नव्हतं. पण प्रत्येक दलाल रात्री दीडला फोन उचलत नाही हो. आमच्याच एकाकडे तीन बिल्ट्यांचे (मालाच्या पावत्यांचे) पैसे अडकलेत, दिवाळीपासून "उद्या या" चाललंय.

गोदाम_दिवसपाळी:
भिवंडीत गोदामावर इन्चार्ज आहे. तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, मुलुंडच्या नाक्यावरची रांग संपली. तिथे वाचलेला वेळ कुठे गेला माहितीये? आमच्या गेटवर.

आत सगळं नवीन आहे. स्कॅनर, बारकोड, गाडीला आधी वेळ ठरवून देणारं सॉफ्टवेअर. पण सकाळी नऊची वेळ दिलेली गाडी संध्याकाळी चारला डॉकला लागते, कारण आधीच्या पाच गाड्या अडकलेल्या. तोवर ई-वे बिलाचं (माल रस्त्यानं न्यायला लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचं) घड्याळ चालूच. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस. मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढ्यातच ती वाढवून घेता येते. रांगेतला ड्रायव्हर ट्रान्सपोर्टला फोन लावत असतो आणि तिथला मुनीम जेवायला गेलेला.

जेएनपीटी बंदरातल्या कंटेनरवर २०१६ पासून आरएफआयडी टॅग लागतो. कुठे आहे, किती वेळ थांबलाय, सगळं दिसतं. हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याची भरपाई) द्यायची वेळ आली की मात्र सगळ्यांचे डोळे जातात.

हिशेबनीस:
थोडं विषयांतर. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल कंपनीला ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून तर असं थकवलेलं बिल, पैसे देईपर्यंत, आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. हे हत्यार दलालाकडे नाही आणि ॲपकडेही नाही.

चौदाटायर:
साहेब, हत्यार उपसल्यावर पुढचं भाडं तुम्ही देणार का? 🙂

केबिनमधून:
मी ड्रायव्हर. वापीला गाडी खाली होतेय, म्हणून वेळ आहे. इतकं बोललात, ड्रायव्हरला कोणी विचारलं नाही.

ॲपवाल्यांच्या मालाला जीपीएस असतं. ढाब्यावर वीस मिनिटं झाली की कंट्रोल रूममधून फोन, "गाडी का थांबली?" कायदा दिवसाला आठ तास म्हणतो. सोळा तास चालवली तर त्याच कंट्रोल रूममधून कोणी विचारत नाही, "गाडी का चालतेय?" एसी केबिन ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला. माझी गाडी २०१४ ची, तिचा पंखासुद्धा एका बाजूलाच वारा देतो.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. पूर्वी सही-शिक्क्याची पोहोच कुरियरनं मालकाकडे जायची, मग बाकी भाडं सुटायचं. मागे एकदा पोहोच पावसात भिजली, तर महिनाभर रखडलं. आता पोहोचचा फोटो काढला की ॲपवाला दोन दिवसांत पैसे टाकतो. दलाल अजून म्हणतो, ओरिजिनल आण. आणि हमाली-वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे)? ती ॲपवर दिसत नाही. ती माझ्याच खिशातून जाते, मालकाकडे मागायला लाज वाटते म्हणून.

आडगावनाका:
भाऊ, मागत जा. (आमच्या ड्रायव्हरनंही कधी मागितली नाही, आज विचारतो.)

वडिलांना धागा वाचून दाखवला. बाकड्याच्या प्रतिसादाला "बरोबर बोलला" म्हणाले, बाकी गप्प. शेवटी तडजोड अशी: जाताना ॲप, येताना दलाल, तीन महिने. मग त्यांनी एकच विचारलं, "त्यात हॉल्टिंगचा कॉलम आहे का?" उघडून बघितलं. आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, पहिले ४८ तास धरले जाणार नाहीत.