इसवी, ख्रिस्त आणि 'सामान्य युग'

एका अनुवादित इतिहासपुस्तकाचं मुद्रितशोधन सध्या करते आहे. परवा एकाच पानावर एकाच गणनेची तीन रूपं सापडली. वर 'ख्रिस्तपूर्व तिसरे शतक', मध्ये 'इ.स.पू. २६१' आणि तळटिपेत 'सा.यु.पू. १८५', म्हणजे सामान्य युगपूर्व. मूळ इंग्रजीत सगळीकडे बीसीई, म्हणजे 'बिफोर कॉमन एरा'. अनुवादकाला विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'ख्रिस्तपूर्व' धार्मिक वाटला म्हणून बदलायला घेतला, पण 'सामान्य युग' जिभेवर बसेना, मग अर्ध्यातच थांबलो. अडचण खरी आहे. ती सोडवायची तर आधी हे शब्द उलगडून पाहायला हवेत.

'सन' अरबीतला, अर्थ वर्ष. 'इसवी' म्हणजे ईसाचा. ईसा हे येशूचं कुराणातलं नाव. अरबी बोलणारे ख्रिस्ती त्याला यसू म्हणतात आणि मराठी ख्रिस्ती येशू. म्हणजे ख्रिस्ती गणनेला मराठीत जे नाव रुळलं, ते कुठल्याच चर्चच्या भाषेतून आलेलं नाही. ते फारसी-उर्दूच्या वाटेनं आलं आहे. आणि त्यात आहे ते फक्त एका माणसाचं नाव, श्रद्धेचं कोणतंही विधान नाही.

'ख्रिस्त' हा शब्द मात्र नाव नव्हे, ती पदवी आहे. ग्रीक 'ख्रिस्तोस' म्हणजे अभिषिक्त. हिब्रू 'मशीहा'चं हे भाषांतर. येशूला ख्रिस्त म्हणणं म्हणजे ज्याची वाट पाहिली तो मशीहा हाच, असं म्हणणं. ज्यू माणसाला ते कसं म्हणता येईल? म्हणूनच एकोणिसाव्या शतकापासून ज्यू लेखकांनी 'कॉमन एरा' हा शब्द आवर्जून जवळ केला. इंग्रजी 'एडी'मागच्या लॅटिन 'ॲनो डॉमिनी'चा अर्थ तर 'प्रभूच्या वर्षी', तो आणखी जड. इंग्रजीतला आक्षेप या दोन शब्दांवर आहे आणि तो मला पूर्ण पटतो. पण तो जसाच्या तसा 'इसवी'ला लागू होत नाही. मराठीत धार्मिक भार आहे तो 'ख्रिस्तपूर्व', 'ख्रिस्ताब्द' या जोडीवर.

'ख्रिस्तपूर्व'ची दुसरी अडचण निव्वळ अर्थाची. हेरोद राजाच्या हयातीत येशू जन्मला असं शुभवर्तमानं सांगतात, आणि हेरोद या गणनेच्या आधी चौथ्या वर्षी वारला असं बहुतेक इतिहासकार मानतात. मग मराठीत वाक्य होतं, 'ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व ४च्या आधी झाला'. वाचणारा अडखळणारच. 'इ.स.पू. ४च्या आधी' म्हटलं की घोटाळा मिटतो, कारण तिथे 'पूर्व' आहे ते सनाच्या, माणसाच्या नव्हे.

ही चूक मुळात शिरली कशी? इ.स. ५२५ मध्ये डायोनिसियस एक्सिगस हा भिक्षू ईस्टरच्या तारखांचं कोष्टक पुढे चालवत होता. जुनं कोष्टक सम्राट डायोक्लेशियनच्या वर्षांत होतं. ती गणना इ.स. २८४ पासूनची. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याचं नाव आपल्या कोष्टकात नको, म्हणून त्याने डायोक्लेशियनच्या २४७व्या वर्षानंतर थेट 'प्रभूचं ५३२वं वर्ष' लिहिलं. येशूच्या जन्माचा त्याचा हिशेब काही वर्षांनी चुकला तो इथेच. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांना तेच नाव तितकंच सलत होतं. त्यांनी मात्र २८४ पासूनची गणना तशीच ठेवली आणि तिला 'हुतात्म्यांचा शक' म्हणायला सुरुवात केली. आकडे तेच, नाव नवं. बीसीई-सीईनं आज जे केलं ते असं फार जुनं आहे. त्यामुळे 'आकडा बदलत नाही तर नाव बदलून काय उपयोग' हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. नावाला अर्थ असतो म्हणून तर लोक ते बदलतात.

प्रश्न आहे तो पर्यायाचा. 'कॉमन एरा'च्या मागे लॅटिन 'वल्गारिस' आहे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१५ मध्ये तो या गणनेसाठी वापरला. अर्थ : राजांच्या राज्यवर्षांहून वेगळी, लोकांत चालणारी गणना. यातला 'कॉमन' म्हणजे रूढ, सर्वांच्या वापरातला. मराठीत नुसतं 'सामान्य' म्हटलं की पहिला अर्थ येतो विशेष नसलेला. सामान्य बुद्धी, सामान्य रूप, सामान्य माणूस. अर्थाला सर्वांत जवळचा मराठी शब्द 'लौकिक' ठरला असता, पण ती जागा भरलेली आहे. काश्मीरमध्ये लौकिक संवत होता आणि कल्हणाने राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासात स्वतःचा काळ सांगताना लौकिक गणनेतलं चोविसावं वर्ष असं म्हणून शेजारी शककाल १०७० दिला आहे.

'युग' तर मला अजिबात मान्य नाही. वेदांगज्योतिषात युग पाच वर्षांचं आणि कलियुग ४,३२,००० वर्षांचं, तेव्हा लांबीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती जातीबद्दल. युग हा कालखंड आहे. अश्मयुग, लोहयुग, सुवर्णयुग. इथे हवी आहे ती एका बिंदूपासून केलेली मोजणी, आणि तिला आपल्याकडे शक, संवत, सन असे तीन मुरलेले शब्द आहेत. 'लोहयुगाची सुरुवात सा.यु.पू. १०००च्या सुमारास' या वाक्यात दोन युगं दोन वेगळ्या अर्थांनी आली आहेत.

आता 'शक' पाहा, माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. शक हे मध्य आशियातून आलेले लोक. इ.स. ७८ पासूनच्या गणनेला त्यांचं नाव लागलं. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या शिलालेखात कवी रविकीर्ती काळ सांगतो तो 'शकानामपि भूभुजाम्' असा, म्हणजे शक राजांची ५५६ वर्षं सरल्यावर. इसवी सन ६३४-३५. तेव्हा तो शब्द कुणाचं तरी नाव होता. पुढे 'शके' ही सप्तमी तेवढी राहिली आणि शक म्हणजे नुसती कालगणना झाली. १६७४ मध्ये 'राज्याभिषेक शक' सुरू झाला तेव्हा त्या शब्दात शक राजे कुठेच नव्हते. 'शककर्ता' म्हणतानाही ते कुणाच्या मनात नसतात.

'सन'चंही तसंच झालं. मराठेशाहीच्या कागदांत 'सु॥ सीत अशरीन मया व अलफ' असा काळ असतो. सीत सहा, अशरीन वीस, मया शंभर, अलफ हजार : शुहूर सन ११२६. त्यात ५९९ मिळवले की १७२५. हे वर्ष मृगात सुरू होतं म्हणून याला मृगसालही म्हणत. कारकून हिंदू, दरबार हिंदू, अंक अरबी. हातातल्या कामाला लागणारा तो शब्द होता, धर्माची खूण नव्हे.

'इसवी' त्याच वाटेवर बरंच चालून आला आहे. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. धर्मनिरपेक्ष रूप मराठीला नव्याने घडवायची गरजच नाही. 'सन १८५७चा उठाव', 'सन २०२३-२४ या आर्थिक वर्षात' अशा वाक्यांत इसवी गळून गेला आहे आणि कुणाला कमतरता जाणवत नाही. 'इसवी'सुद्धा ज्यांना खटकतो त्यांनी नुसता 'सन' लिहावा आणि मागच्या काळासाठी 'सनपूर्व'. 'सनपूर्व २६१' कानाला बरा लागतो. हिजरी, फसली किंवा शुहूर सन शेजारी असेल तेव्हा मात्र नुसत्या 'सन'ने गोंधळ होईल, तिथे 'इसवी' हवाच.

'इसापूर्व' हे हिंदीच्या वळणाचं रूप हल्ली दिसतं. ते टाळावं, कारण त्यात 'पूर्व' पुन्हा सनावरून उडी मारून माणसाला चिकटतो.

त्या पुस्तकात मी सगळीकडे 'इ.स.' आणि 'इ.स.पू.' केलं आहे. चर्चच्या दस्तऐवजातला एक उतारा आहे, तिथे 'प्रभूचे वर्ष' तसंच ठेवलं, कारण लिहिणाऱ्याला तेच म्हणायचं होतं. चालू मजकुरात 'इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात' असं एका ठिकाणी होतं. त्याचा अर्थ तीनशे वर्षं आधी असाही कुणी घेईल, म्हणून ते 'इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात' असं केलं, आणि पहिल्या उल्लेखाला कंसात ३०० ते २०१ हे आकडे दिले.