सस्कॅचेवानच्या ग्रामीण नगरपालिकेची लोकसंख्या नेमकी कोणाची?
कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका ग्रामीण नगरपालिकेबद्दल कुणी विचारलंय, 'एवढ्या मोठ्या हद्दीत जेमतेम २५० माणसं कशी?' आकडा चुकलेला नाही. नकाशावर ग्रामीण नगरपालिकेच्या पोटात दिसणारी गावं आणि शहरं कारभाराने स्वतंत्र असतात, जनगणनेतही वेगळी मोजली जातात. ग्रामीण नगरपालिकेच्या खात्यावर उरतात शेतांवरची विखुरलेली घरं आणि लहान वस्त्या.

क्षेत्रफळ सोपं आहे. एक टाउनशिप (तिथल्या जमीनमोजणीचा चौकोन) ६ बाय ६ मैलांची, म्हणजे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. बऱ्याच नगरपालिका ९ टाउनशिपच्या: ३२४ चौरस मैल, साधारण ८३९ चौरस किमी. २५० ला त्याने भागा, दर चौरस किमीला ०.३ माणूस!

लोकसंख्येतल्या वाढ-घटीच्या टक्केवारीवरून मात्र कृपया घाईने निष्कर्ष काढू नका. पाच जणांचं एक कुटुंब हललं तरी २ टक्के घट दिसते. उलट एखादं गाव विसर्जित होऊन नगरपालिकेत आलं, तर नवीन माणूस न येताही आकडा उडी मारतो. म्हणून २०१६ आणि २०२१ च्या जनगणनांची तुलना करताना २०१६ चा आकडा २०२१ च्या हद्दीनुसार सुधारलेला आहे ना, हे आधी तपासा.