आनंदाच्या भरात चावणाऱ्या कुत्रीला कसे आवरावे?

प्रश्न (सहकारनगर, पुणे)

नमस्कार. आमच्याकडे भुरी नावाची सात महिन्यांची गावठी कुत्री आहे. तळजाईच्या पायथ्याशी ती आम्हाला एकटीच सापडली, तेव्हा ती जेमतेम पाच आठवड्यांची होती. दिवसभर तिचा काहीही त्रास नसतो. परंतु संध्याकाळी मी कामावरून घरी आलो, की ती आनंदाने उड्या मारू लागते आणि माझे मनगट तोंडात धरते. माझे मी सहन करीन, पण परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या दंडावर दातांचे दोन लाल वळ उठले. आईचा पदर तर ती रोजच ओढते आणि आई "हट्, हट्" म्हणत तो सोडवू लागली, की तिला अधिकच चेव येतो. ती गुरगुरत नाही, दातही विचकत नाही. एका परिचितांच्या सल्ल्यावरून मी एकदा तिच्या नाकावर चापट मारली. त्यानंतर दोन दिवस माझा हात जवळ आला, की ती मान खाली घालून मागे सरकत असे. ते मला पाहवले नाही. मारल्याशिवाय ही सवय मोडता येईल का?

उत्तर १ (कोथरूड)

निश्चित मोडता येईल, आणि चापट पुन्हा मारू नका. हात म्हणजे भीती हे एकदा तिच्या मनात बसले, तर आज खेळात चावणारी कुत्री उद्या घाबरून चावेल.

पिल्ले एकमेकांशी खेळताना चावतातच. चावा जोरात बसला, की दुसरे पिल्लू केकाटते आणि खेळ सोडून देते. जबड्याला किती जोर द्यायचा, हे पिल्लू अशा प्रसंगांतून शिकते, आणि म्हणूनच त्याला निदान आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहू द्यावे, असे सांगितले जाते. भुरीचे हे शिक्षण पाचव्या आठवड्यातच तुटले. शिवाय दुधाचे २८ दात जाऊन पक्के ४२ दात येण्याचे काम साधारण सातव्या महिन्यापर्यंत पुरे होते, त्यामुळे पूर्वी नुसता गुदगुल्यांसारखा वाटणारा चावा आता लागतो.

तिने मनगट धरले, की हात हिसकावू नका. निसटणारी वस्तू घट्ट धरावी, हा तिचा उपजत स्वभाव आहे. हात सैल सोडा, एक शब्दही न बोलता पाठ फिरवा, आणि तरीही ती थांबली नाही, तर दाराबाहेर जाऊन वीस-तीस सेकंद उभे राहा. त्याहून जास्त वेळ लावू नका, कारण मग शिक्षा कशाची झाली, हेच तिला उमगत नाही. परत आल्यावर तिचे चारही पाय जमिनीवर असतील, तेव्हाच हनुवटीखाली शांतपणे खाजवा. एका संध्याकाळी हे दहा वेळा करावे लागेल. पहिले काही दिवस चावणे उलट वाढल्यासारखे वाटते. नेमके तेव्हाच घरचे लोक कंटाळून सोडून देतात, तेवढे टाळा.

माणसाला भेटताना तोंडात काहीतरी धरण्याची तिला गरज वाटते, ती गरज मारू नका. चपलांच्या कपाटावर एक जाड सुती दोर ठेवा आणि दार उघडताच, तिने उडी मारण्याआधी, तो तिच्यापुढे धरा.

उत्तर २ (कर्वेनगर)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मात्र दोर विकतच आणावा, जुन्या साडीची वेणी घालून देऊ नये. टाकून दिलेली साडी आणि आजींच्या अंगावरची साडी यांतला भेद कुत्रीला कळत नाही. आजींनी त्या वेळी पदर कमरेला खोचून घ्यावा आणि "हट्" म्हणू नये, कारण हालणारा पदर आणि वर चढलेला आवाज, दोन्ही तिला खेळाचे आमंत्रणच वाटतात. पिल्लाप्रमाणे मोठ्याने ओरडावे, असे काही जण सुचवतात. आमच्या कुत्र्याला त्याने अधिकच जोर चढत असे.

मुलीला "झाड हो" हा खेळ शिकवा: हात छातीशी, नजर पायांकडे, पाय जागच्या जागी. तरीही मुलगी आणि कुत्री एकत्र असताना एक मोठे माणूस खोलीत असलेच पाहिजे. आणखी एक गोष्ट म्हणजे भुरीची दुपारची झोप नीट होते का, ते पाहा. लहान पिल्ले दिवसाला १८ तासांपर्यंत झोपतात, आणि झोप अपुरी राहिलेले कुत्रे संध्याकाळी हट्टी मुलासारखे वागते.

उत्तर ३ (धायरी)

मुलीच्या दंडावर नुसते वळ होते की कातडी फाटली होती, हे कृपया नीट पाहा. चावा खेळातला असला, तरी ओरखडा उठला किंवा रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद किंवा चुना लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. कुत्रीला रेबीजची लस दिलेली असली, तरी हा निर्णय घरी घेऊ नये. भुरीची लस राहिली असेल, तर ती आधी देऊन घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दंडाची कातडी फाटलेली नव्हती, तरीही काल मुलीला डॉक्टरांना दाखवून आलो. भुरीची लस झालेली आहे. कपाटावर दोर ठेवला आहे. आज मी तीन वेळा दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. चौथ्या वेळी दार उघडले, तेव्हा भुरी उडी न मारता थरथरत उभी होती, आणि दोर पुढे करताच तिने माझे मनगट सोडून तोच धरला. पदर खोचण्याचे आईने मान्य केले आहे.