गोरेवाड्याचे वाघ, बर्ड फ्लू आणि माझी तीन मांजरं

संत्राबर्फी (नागपूर)

डिसेंबर २०२४ मधली आमच्या नागपूरच्या गोरेवाड्याची घटना आठवत असेल. तिथल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. तेव्हा मी वाचून सोडून दिलं होतं. काल भावजी जेवायला आले नि म्हणाले, "मांजरांना रोज कच्ची कलेजी घालतेस ना, मग गोरेवाड्याचं एकदा नीट वाच." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

माझ्याकडे तीन मांजरं आहेत. गल्लीच्या तोंडाशी चिकनवाला आहे, तो संध्याकाळी कलेजी, गळे, कातडी अशी पिशवी वीस रुपयांत देतो. आठ वर्षं हेच चालू आहे. पिंजऱ्यातल्या वाघाला पक्ष्यांचा रोग होतोच कसा? आणि चोवीस तास डॉक्टर हाताशी असून ते वाचत काहून नाहीत? जाणकारांनी सांगा. व्हॉट्सॲपवरचं ज्ञान नको बा.

तिरपागडा

ब्रॉयलर घातलं असणार. गावरान कोंबडी दिली असती तर काही झालं नसतं.

निवृत्त पिंजरेवाला

तिरपागडेराव, विषाणू कोंबडीची जात विचारत नाही. २००६ साली नवापूरला साथ आली तेव्हा पोल्ट्रीतल्या कोंबड्यांबरोबर लोकांच्या अंगणातल्याही माराव्या लागल्या होत्या.

संत्राबर्फीताई, मी एकतीस वर्षं एका प्राणिसंग्रहालयात कीपर होतो, त्यातली बहुतेक वाघ-बिबट्यांकडे. कुठल्या ते विचारू नका. डॉक्टर नाही मी. पण बादली उचललेला माणूस आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बादलीतच आहे.

सकाळी सातला मांसाचा टेम्पो यायचा. मोठ्या वाघाला म्हशीचं मांस, हाडासकट, आठ ते दहा किलो. आठवड्यातून एक दिवस उपास, आमच्याकडे सोमवार. मग कोंबडी कोणाला? बछड्यांना, दात पडलेल्या म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, आणि जंगलातून नुकत्याच पकडून आणलेल्यांना. नवा बिबट्या पिंजऱ्यात आला की दोन-दोन दिवस म्हशीच्या मांसाला तोंड लावत नाही, कोंबडी मात्र ओढून नेतो. आम्ही खूश व्हायचो, "खाल्लं रे!" म्हणजे बघा, जो आधीच घाबरलेला, जखमी, अंगात त्राण नसलेला, त्याच्याच वाट्याला जास्त कोंबडी. गोरेवाड्याचे ते वाघ चंद्रपूरकडून संघर्षातून आणलेले होते. तिथेही बातम्यांत बोट कोंबडीच्या मांसाकडेच दाखवलं गेलं.

हे नवीन नाही. थायलंडमध्ये सिराचाच्या टायगर झूमध्ये २००४ च्या ऑक्टोबरात ४४१ वाघांपैकी १४७ गेले, काही रोगाने, काही रोग पसरू नये म्हणून मारलेले. त्यांना कच्च्या कोंबड्या घातल्या जात होत्या. त्या बंद केल्यावरही नवे वाघ आजारी पडत राहिले, म्हणजे वाघाकडून वाघाकडेही गेला. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, व्हिएतनामच्या दोन प्राणिसंग्रहालयांत ४७ वाघ, ३ सिंह आणि एक काळा बिबट्या गेला. विषाणू तोच.

आमच्याकडे एक ठाम समजूत होती की मांस डीप फ्रीजरमध्ये टाकलं की सगळे जंतू मरतात. उलट आहे. थंडीत हा विषाणू टिकतो. मरतो तो उष्णतेने आणि साबणाने.

आता डॉक्टर काहून वाचवू शकत नाहीत. वाघ आजारपण लपवतो. तुमचं मांजर मांडीवर घेऊन ताप बघता येतो. वाघाचं साधं रक्त घ्यायचं तर स्क्वीझ केजमध्ये, म्हणजे जनावराला दाबून धरणाऱ्या पिंजऱ्यात घ्या, नाहीतर डार्ट मारून बेशुद्ध करा, आणि फुप्फुसं धरलेल्या जनावराला भूल द्यायला डॉक्टरही कचरतो. पहिली खूण कीपरलाच दिसते. बादलीच्या कडीचा आवाज झाला की वाघ जाळीपाशी येतोच. ज्या दिवशी आला नाही, त्या दिवशी वहीत लिहायचं. पण तोवर रोग दोन पावलं पुढे असतो. हा मेंदूतही जातो, मग जनावर झोकांड्या खातं.

केसरियाळी (राजकोट)

काका, छान लिहिलंत. पण सगळं कोंबडीवर ढकलू नका. आम्ही इकडे २०१८ चं गीर पाहिलंय. दलखाणिया रेंजमध्ये सप्टेंबरपासून तीन आठवड्यांत २३ सिंह गेले. काही जंगलात मेलेले सापडले, काही केंद्रात उपचार चालू असताना गेले. ते होतं कॅनाइन डिस्टेम्पर, कुत्र्यांचा रोग, जोडीला गोचिडांमुळे होणारा बबेसिया. अमेरिकेहून ३०० डोस मागवून पकडलेल्या सिंहांना लस दिली. लस हाच उपाय नाही का?

निवृत्त पिंजरेवाला

ताई, डिस्टेम्परचं खरं आहे. आमच्या भिंतीला लागून भटकी कुत्री असायची, त्यांची भीती मला कोंबडीएवढीच होती. पण लसीवर माझा तुमच्याएवढा भरवसा नाही. बंगळुरूच्या बन्नेरघट्टामध्ये २०२३ साली बिबट्याची सात पिल्लं पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या एका विषाणूरोगाने गेली, तीही लस टोचलेली.

या रोगाचं माझं स्वतःचं सांगतो, कधी कोणाला सांगितलं नाही. आमच्याकडे उसाच्या फडात सापडलेली बिबट्याची तीन पिल्लं होती, मी बाटलीने दूध पाजायचो. मांस तोडायच्या खोलीत एक भटकी मांजर व्यायली होती. उंदीर धरते म्हणून मीच तिला राहू दिलं. तिची पिल्लं उलट्या-जुलाब होऊन मेली, मी ती उचलून टाकली, गमबूट फिनेलने धुतले आणि बिबट्यांच्या पिल्लांकडे गेलो. आठवड्याभरात तीनपैकी दोन गेली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हा विषाणू फिनेलला दाद देत नाही, महिनोन्‌महिने फरशीत बसून राहतो, त्याला ब्लीच लागतं. तीस वर्षं मी फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता समजत होतो. त्यानंतर प्रत्येक पिंजऱ्याला वेगळा बूट केला, साहेबांनी पैसे दिले नाहीत तर माझ्या खिशातून.

संत्राबर्फी

काका, वाचून गप्प बसले थोडा वेळ. आता माझ्या मांजरांचं सांगा ना. ती काही वाघ नाहीत.

निवृत्त पिंजरेवाला

बर्ड फ्लूपुरती वाघच आहेत. तुमच्यापासून छिंदवाडा सव्वाशे किलोमीटर. तिथे जानेवारी २०२५ मध्ये घरातल्या मांजरांतच एच५एन१ सापडला, आणि तिथल्या चिकन बाजारातही. त्यामुळे वीस रुपयांची पिशवी चालू ठेवा, पण कच्ची नको. चांगली उकळी येऊ द्या, आतला लाल रंग जाईपर्यंत. शिजवायच्या आधी हाडं काढा, शिजलेलं हाड चिरफळतं आणि घशात रुततं. पाणी फेकू नका, मांजराला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्या पाण्यातच उतरतं, तेही घाला. मीठ-हळद-लसूण काही नाही. पिशवी हाताळल्यावर हात साबणाने धुवा, सुरी-पाटही.

तिरपागडा

काका, गावरानचं मागे घेतो.

संत्राबर्फी

आज शिजवून घातलं. दोघींनी ताटली चाटून पुसून ठेवली. बोका वास घेऊन, ताटलीभोवती पायाने फरशी खरवडून, म्हणजे पुरून टाकल्यासारखं करून, निघून गेला. आता फ्रीजपाशी बसून माझ्याकडे बघतोय. काय करू?

निवृत्त पिंजरेवाला

त्याचा सोमवार समजा. पण एकच. उद्याही खाल्लं नाही तर थोडं कोमट करून द्या, तरी नाही तर परवा डॉक्टरकडे. वाघाला उपास सोसतो, मांजराचं लिव्हर दोन-तीन दिवसांत बिघडतं. आणि फ्रीज उघडू नका.